तेनितीच्या पाण्यात धुतलेली वाळू

ओनोटोआ
१४ जून १९९९

काउतु,

आणि वर तू लिहितोस, वाळू गोड्या पाण्यात धुऊन घे. एकदा धुऊन भागणार नाही म्हणे, जिभेवर ठेवून खारट लागेनाशी होईपर्यंत धुवायची. तुझा कागद मी तुझ्या दाजींना वाचून दाखवला. ते ताडी उतरवायला निघाले होते, ते तिथेच माडाच्या बुंध्याला टेकून हसत बसले. मला हसू आलं नाही. फेब्रुवारीपासून पाऊस नाही. निरफणसाची पानं पिवळी होऊन गळतायत. विहिरीचं पाणी इतकं मचूळ झालंय की चहात साखर घालताना हात थांबतो, आपण कशात काय घालतोय म्हणून. आणि तू तिकडे तारावात नळाखाली हात धुता धुता सांगतोस, वाळू धू.

टाकीसाठी पाठवलेली सिमेंटची पोती पोचली. जहाज नेहमीसारखं खडकाच्या बाहेरच उभं राहिलं, पोती होडीत उतरवली आणि एकावर लाट बसली. त्या पोत्याचा आता दगड झालाय. त्याच्यावर बसूनच हे लिहितेय, बसायला बरा आहे. बाकीची घरात उंचावर चढवून चटईत गुंडाळली आहेत, पण दमट हवा चटईला विचारून आत शिरत नाही. कडेला दाबलं की गोळे लागतात. तुझ्या वाळूची आंघोळ होईपर्यंत सगळ्या पोत्यांच्या खुर्च्या होतील, मग ये आणि बस त्यांच्यावर.

मला एक सांग. बाबांच्या थडग्यावरचा चौथरा आपण कशात घातला? किनाऱ्याची वाळू, किनाऱ्याची खडी आणि भरतीचं पाणी. तूच कालवलास, मीच घमेली दिली. परवा झाडून काढला, कुठे चीर नाही. देवळाची पायरी तशीच केलेली आहे. तिच्यावर सगळं गाव चढतं, पाद्रीसुद्धा चढतात आणि ते काही हलके नाहीत. मग ही एक टाकीच एवढी सोवळ्यातली कशाला?

आईचं विचारलंस. लघवीला आग होते. बसली की उठवत नाही, आणि उठवायला गेलं की माझ्यावर खेकसते. नर्सने सांगितलंय, हे मचूळ पाणी बंद करा, गोडं पाजा, नाहीतर मूत्रपिंडं जातील. ते तुलाही कळवलं होतं, म्हणूनच तू सिमेंट पाठवलंस ना? स्वयंपाकघरावर पत्रा घालून झालाय, पन्हळ लावून झालीय. पन्हळीखाली काही नाही. उद्या पाऊस आला तर पत्र्यावरून पन्हळीत, पन्हळीतून जमिनीत, आणि आई तोंड उघडं ठेवून बघत बसणार.

सळ्या आणि जाळी या जहाजात येणार होती, आली नाही. ती कुठे आहे? आणि वाळू कशाने धुऊ? या दोन गोष्टींची उत्तरं लिही. बाकी उपदेश नको.

तोरेका

*

बेटिओ, तारावा
२७ जून १९९९

तोरेकाताई,

तुझं पत्र वाचून आधी दगड झालेल्या पोत्याचं वाईट वाटलं, मग तू त्यावर बसलेली डोळ्यांसमोर आलीस आणि बरंही वाटलं.

चिडू नकोस, नीट सांगतो. बाबांच्या चौथऱ्यात लोखंड नाही. देवळाच्या पायरीत लोखंड नाही. मीठ सिमेंटचं फारसं वाकडं करत नाही, ते लोखंडाला खातं. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलं की आतून भिंत फोडून बाहेर येतं. इथे जपान्यांनी लढाईत बांधलेल्या कोठड्या आहेत, त्यांच्या सळ्या बाहेर लोंबताना तू स्वतः पाहिल्यास. तेव्हा तू म्हणाली होतीस, याच्या फासळ्या दिसतायत.

ते जपान्यांचं झालं. आपलं सांगतो. मी ज्या मुकादमाकडे काम करतो त्याने इथे एक दुमजली घर बांधलं, लगूनची, म्हणजे खडकाआतल्या समुद्राची वाळू, न धुता. माल मीच ओतला. गेल्या वर्षी वरच्या सज्जाचा तुकडा खाली चुलीवर पडला, भाताच्या भांड्यात. घरची बाई नुकतीच मीठ आणायला आत गेली होती. मीठ आणायला, ताई. तेव्हापासून त्या रस्त्याने मी जात नाही.

टाकीच्या भिंतीला आतून पाणी ढकलत असतं, रोज, वर्षानुवर्षं. तिला लोखंड लागतंच. आणि लोखंड असलं की वाळूत मीठ नको. आईची टाकी आणखी काही वर्षांनी फुटली तर मी कुठल्या रस्त्याने जाऊ?

सळ्या आणि जाळी माझ्याकडे आहे, घराच्या फळ्यांखाली सरकवून ठेवलीय. पुढच्या जहाजाने येईल.

पाण्याचं म्हणशील तर एक सुचवतो, आणि सुचवताना मला बरं वाटत नाही हे आधी सांगतो. शेजारच्या तेनितीकडे पाणी आहे. तिच्या नवऱ्याने बोटीवर नोकरीला असताना पाठवलेली पिंपं तिच्या पत्र्याखाली ओळीने उभी आहेत, आणि ती जपून वापरते हे सगळ्यांना माहीत आहे. तिच्याकडे जाऊन बुबुती कर, हक्काने माग. तू मागितलंस तर ती नाही म्हणणार नाही.

सिमेंट मरायच्या आत कर. आईला सांग, मी रोज आठवण काढतो.

काउतु

*

ओनोटोआ
१९ जुलै १९९९

काउतु,

ती नाही म्हणणार नाही, असं लिहितोस. ती नाही म्हणूच शकत नाही, असं लिहायचं होतं. बुबुतीला कोण नाही म्हणतं आपल्यात? म्हणेल तो पुन्हा मनेआबात, गावाच्या सभाघरात, लोकांसमोर बसेल कसा? तू बेटिओत राहून एवढं शिकलास, की जे मागू नये ते दुसऱ्याच्या तोंडून मागून घ्यायचं.

गेले मी. आईचं कण्हणं ऐकवेना म्हणून गेले, तुझ्या कागदासाठी नाही.

तेनिती दारातच पानं सोलत बसली होती चटईसाठी. नात ब्वेब्वे तिच्या पाठीवर लोंबकळत होती. मी इकडचं तिकडचं काढलं. पाद्र्यांचा दात, कोणाचं डुक्कर कोणाच्या अळूच्या खड्ड्यात शिरलं. तेनिती म्हणाली, “आल्यापासून माझ्या पिंपांकडे बघतेयस. दातावर लक्ष नाही तुझं.”

“बुबुती करायला आलेय,” मी म्हटलं.

“मग बसून कर. उभ्याने मागितलेलं मला द्यायला जड जातं.”

बसले. म्हटलं, “पाणी पाहिजे.”

“आईला? घागर आण रोज. मागायचं काय त्यात?”

“आईला नाही. घागरीने तिचं किती दिवस भागणार? वाळू धुवायला.”

तिने पान खाली ठेवलं. “काय धुवायला?”

मी सगळं सांगितलं, लोखंड, मीठ, तुझा सज्जा, भाताचं भांडं. ती म्हणाली, “माझा नवरा गेला तेव्हा असाच कोरडा काळ होता. त्याला शेवटची आंघोळ मी विहिरीच्या पाण्याने घातली, तोरेका. ही पिंपं भरलेली होती.” आणि उठून तिने झाकणं काढली, एक एक, सगळी.

मी म्हटलं, “सगळं नको. अर्धं पुरे.”

“अर्ध्यात तुझी वाळू अर्धीच गोडी होईल,” ती म्हणाली. “मग मी दिलेलंही वाया आणि तुझी टाकीही वाया. द्यायचं तर कामाला येईल एवढं तरी दे, की नाही?”

मी हट्टाने एक पिंप तिच्याकडे राहू दिलं. बाकीचं तुझ्या दाजींनी आणि मी वाहून आणलं. जुन्या होडीत वाळू भरली, पाणी ओतलं, फावड्याने घुसळली, पाणी काढलं, परत. सगळी गल्ली बघायला उभी. कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर मी चार शब्द ऐकवले असते, तेवढंच हलकं वाटलं असतं. ब्वेब्वे काठावर बसून बघत होती. ती विचारते, “वाळूला तहान लागली होती?” सगळे हसले. मीही हसले, दात दाखवण्यापुरती.

होडीतून सांडलेलं पाणी जमिनीने लगेच पिऊन टाकलं. पाण्याचा ओला डाग बघून मला शरम वाटते असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

वाळू आता चाखली तर नुसती वाळू लागते. चटयांवर पसरून वर झाकलीय, उडणारे खारे तुषार बसू नयेत म्हणून. तुझ्या दाजींचा पाय तिच्यावर पडला तर मी ओरडते. जहाज परवा आलं. त्यात तांदूळ होता, मैदा होता, शाळेची बाकं होती. लोखंड नव्हतं.

कुठे आहे?

तोरेका

*

बेटिओ
३ ऑगस्ट १९९९

ताई,

लोखंडाची वाट बघू नकोस. मी बराच विचार केला आणि लोखंडाशिवायच करावं असं ठरवलं. टाकी उंच करू नको, गुडघ्याच्या थोडी वर ठेव आणि गोल कर. भिंत जाड घाल, हातभर. जाड आणि बुटकी भिंत पाणी स्वतःच धरून ठेवते, तिला आत काही लागत नाही. खाली कागदावर काढून दिलंय.

सिमेंट थांबणार नाही, तेव्हा लगेच घे. दाजींसाठी तंबाखू आणि आईसाठी बिस्किटं ठेवली आहेत सोबत. तेनितीलाही त्यातली दे.

घाईत आहे.

काउतु

*

ओनोटोआ
३० ऑगस्ट १९९९

काउतु,

टाकी झाली. तुझ्या दाजींनी जुन्या होड्यांच्या फळ्या वाकवून साचा केला, दोन भाऊबंद मदतीला आले, दिवसभर माल कालवला. तुझ्या हातभर जाड भिंतीने सगळं सिमेंट गिळलं, पोत्यांच्या तळाची धूळसुद्धा झटकून घातली. वर ओल्या चटया गुंडाळून ठेवल्या होत्या, आता काढल्या. दिसायला टाकी नाही, बसलेली म्हैस दिसते म्हणे, पण इथे म्हैस कोणी पाहिलेली नाही. ते बोटीवर जाऊन आलेल्यांनी सांगितलं. वाजवली तर घट्ट वाजते. मी तुला नावं ठेवली होती, ती परत घेते. चांगली झालीय.

तुझी बिस्किटं आईने खाल्ली. तेनितीला दिली ती तिने ब्वेब्वेला दिली आणि ब्वेब्वेने ती ओकून टाकली.

तेच लिहायला बसलेय. तेनितीच्या घरचं ते एक पिंप संपलं. मी रोज ऐकत होते, पिंपात डबा किती खोल जातो तो आवाज इकडे येतो. मग त्या विहिरीवर गेल्या. उकळून प्यायच्या, पण मूल खेळता खेळता विहिरीच्या काठचंच पिऊन येतं, त्याला कोण उकळून देणार? जुलाब सुरू झाले. नर्सने केलं ते केलं, थांबेनात. पोर अशी झाली की डोळे तेवढे मोठे. शुक्रवारच्या विमानाने तिला आणि तिच्या आईला तारावाच्या इस्पितळात पाठवलं.

विमान उडताना मी तेनितीच्या शेजारी उभी होते. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, “तुझ्या भिंतीवरच्या चटया वाऱ्याने उडाल्या असतील, घरी जा.”

एवढंच. गावात कोणी काही म्हणत नाही. माझ्या दारावरून जाताना हसून विचारतात, टाकी वाळली का. तेनिती काल मासे घेऊन आली आईसाठी. कोणी तोंडावर शिवी दिली असती तर मी त्याला उत्तर दिलं असतं. हिच्या माशांना काय उत्तर देऊ? कालवण करून खाल्ले.

आईचं नवीनच. ती म्हणते, टाकी भरली तरी मी तिच्यातलं पिणार नाही. तेनिती तिच्यातलं प्यायल्याशिवाय नाही. मी म्हटलं, बाई गं, तुझ्यासाठीच एवढं केलं. म्हणते, कोणी केलं आणि कशाने केलं ते मला दिसतं, डोळे अजून शाबूत आहेत.

इस्पितळ तुझ्यापासून बसने जाण्यासारखं आहे. जा. पोरीला बघून ये आणि खरं काय ते लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

तोरेका

*

बेटिओ
१८ सप्टेंबर १९९९

ताई,

जाऊन आलो. एकदा नाही, जवळजवळ रोज जातोय. सलाईन लावलं होतं, ते काढलं. आता शहाळ्याचं पाणी घोटघोट घेते. मी नेतो. डॉक्टर म्हणतात, जीव वाचला, पण अंगात काही उरलेलं नाही, बरेच दिवस ठेवावं लागेल.

ब्वेब्वेने मला ओळखलं. म्हणाली, “हा वाळूवाल्या मावशीचा भाऊ.” तिच्या आईने तिला गप्प केलं. तिची आई मला दर वेळी उठून जागा देते. परवा तिने बाजूच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, हा आमच्या गावचा, किती करतो आमच्यासाठी. मी शहाळी खाली ठेवली आणि काम आहे म्हणून निघालो. काम नव्हतं. बसथांब्यावर बसून राहिलो, तीन-चार बस सोडल्या.

आईला काहीही करून प्यायला लाव. आणि तू स्वतःला लावून घेऊ नकोस. सुचवलं मी होतं.

काउतु

*

ओनोटोआ
२ नोव्हेंबर १९९९

काउतु,

पाऊस आला. दोन दिवस धरून पडला. पन्हळ अशी वाजत होती की तुझे दाजी झोपेतून उठून तिच्याखाली जाऊन उभे राहिले. टाकी काठोकाठ भरली. मी भोवती हात फिरवत फिरले, कुठे ओल नाही, कुठे घाम नाही. लोक येऊन बघून जातात. पाद्री म्हणाले, देवाच्या कृपेने. मी म्हटलं, आणि तेनितीच्या. ते म्हणाले, हो हो.

तर गावाने मनेआबात बसून ठरवलंय. ब्वेब्वे डिसेंबरात जहाजाने परत येतेय, तिच्या आईचं तसं पत्र आलं. ती आली की ११ तारखेला टाकीची प्रार्थना, जेवण, नाच, आणि पहिलं पाणी तेनितीने आणि ब्वेब्वेने प्यायचं. मग आई पिणार. आई तोवर विहिरीचंच पितेय, समोर टाकी भरलेली असताना. तिच्या पायांवर सूज आहे, पण हट्ट पायांच्या वर आहे.

तेनिती खूश आहे. माझ्या भिंतीवर हात ठेवून म्हणाली, “यात माझं पाणी आहे. म्हणजे थोडी माझीच टाकी.” मी म्हटलं, थोडी नाही, सगळी. ती लाजली. एवढी वर्षं ओळखते तिला, लाजताना पाहिलं नव्हतं.

आता दुसरं. तुझ्या दाजींचा चुलतभाऊ बेटिओहून आला. तो तुझ्या मामेसासऱ्यांकडे जेवायला गेला होता. त्यांनी पुढे नवा ओटा केलाय म्हणे, वर छत टाकायचं आहे, म्हणून कडेने सळ्या उभ्या ठेवल्यात. चुलतभाऊ म्हणाला, चांगल्या सळ्या आहेत, कुठून आणल्या? तर ते म्हणाले, जावयाकडे बुबुती केली.

दिल्यास तर दिल्यास. मागितल्यावर देणं आलंच, मी काही परकी नाही की मला ते कळू नये. मला एवढंच सांग, त्यांनी कधी मागितल्या?

तोरेका

*

बेटिओ
१६ नोव्हेंबर १९९९

ताई,

तू हे विचारशील म्हणून मी ऑगस्टपासून तुझं प्रत्येक पत्र उघडताना भीत होतो. नोव्हेंबरपर्यंत सुटलो, एवढंच.

४ जुलैला, रविवारी. देवळातून आल्यावर बायकोचे मामा आमच्याकडे जेवले. मी त्यांना टाकीबद्दल बोललो होतो, तिथेच चुकलं, लोखंड आहे हे त्यांना माझ्याच तोंडून कळलं. जेवण झालं, त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, “काउतु, फळ्यांखालचं ते लोखंड मला दे.” बायको माझ्याकडे बघतही नव्हती. मी म्हटलं, घेऊन जा. पोरांनी त्याच संध्याकाळी नेलं.

तू तेनितीच्या दारात बसलीस ती त्यानंतर. तेव्हा मला माहीत होतं की लोखंड नाही. आणि लोखंड नसलं की मिठाने काही बिघडत नाही, हे तर मीच तुला लिहिलं होतं. बाबांच्या चौथऱ्यासारखी किनाऱ्याची वाळू आणि भरतीचं पाणी चाललं असतं. तेनितीच्या एका थेंबाचीही गरज नव्हती.

पत्र वेळेत पोचलं नसतं, पण रेडिओ होता. मी सोमवारी रेडिओच्या खिडकीवर निरोप द्यायला गेलो होतो. चिठ्ठीवर लिहिलंसुद्धा, ‘तोरेका, ओनोटोआ, वाळू धुऊ नको, लोखंड येत नाही.’ मागे रांगेत लोक होते. संध्याकाळी हे वाचून दाखवतील आणि सगळ्या बेटांवर लोक ऐकतील, की काउतुने आईच्या टाकीचं लोखंड सासरी देऊन टाकलं, हे मनात आलं. मामाही ऐकतील, की जावई द्यायला देतो आणि मग जगभर बोंबलतो. मी चिठ्ठी खिशात घातली. स्वतःला सांगितलं, तुझा हट्टी स्वभाव बघता तू तेनितीकडे जाणारच नाहीस. तुझा स्वभाव बघून मी सुटायला पाहत होतो.

मग तुझं पत्र आलं, पिंपं रिकामी झाल्याचं. त्यावर मी जाड भिंतीचं लिहून पाठवलं, जणू मला आताच सुचलं.

ब्वेब्वेच्या आईला रोज सांगायचं ठरवून जातो. ती उठून जागा देते आणि मी बसतो. ताई, तेनितीला कळवायचं का? टाकी चांगली आहे, पोर वाचली आहे, म्हातारी खूश आहे. तिला आता सांगून तिच्या हातात काय येणार? तू म्हणशील तसं करतो.

काउतु

*

ओनोटोआ
२८ नोव्हेंबर १९९९

काउतु,

मी म्हणेन तसं करतोस? मग जुलैत का नाही विचारलंस मला? तेव्हा मी म्हटलं असतं, रांगेतल्या लोकांना जाऊ दे समुद्रात, चिठ्ठी दे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग उठले, टाकीपाशी गेले आणि तिला लाथ मारली. माझाच अंगठा सुजला. टाकीला काही झालं नाही, तू चांगली सांगितली होतीस.

मग बसले आणि माझा हिशोब केला, कारण तुझ्यावर ओरडून माझं काही कमी होत नाही. तेनितीच्या चटईवर मी बसले होते, तू नाही. ती झाकणं काढत होती तेव्हा मी म्हणू शकले असते, राहू दे, लोखंड हातात येऊ दे मग बघू. लोखंड जहाजातून उतरलेलं नसताना मी वाळू धुवायला का घेतली? सिमेंट मरेल म्हणून. घाई माझी. गल्लीसमोर मला दाखवायचं होतं, की तोरेका मागते तेव्हा काम करून दाखवते. आणि ते एक पिंप मी तिच्याकडे ठेवलं, त्यावर मी इतके दिवस मनात स्वतःला भली म्हणत होते. पोरीने कुठलं पाणी पिऊन आजार धरला ते देवाला माहीत, पण त्या दिवशी आणखी एक पिंप ठेवलं असतं तर ती विहिरीवर इतक्या लवकर गेली नसती. हे मला रोज समोर दिसणार आहे, त्या भिंतीएवढं जाड.

आईला वाचून दाखवलं. तुला वाटेल, म्हातारीला कशाला. आपण विहिरीचं पाणी कोणासाठी पितोय ते तिला कळायला नको का? तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, तुझी बाजू घेईल, तू धाकटा. ती म्हणाली, “मग त्या टाकीत आता कोणाचं पाणी आहे?” मी पत्राची घडी घातली. ती म्हणाली, “तेनितीला विचारा. मी थांबते.” आणि डबा घेऊन परत विहिरीच्या पाण्याचा घोट घेतला, माझ्या तोंडासमोर.

तू विचारतोस, सांगून तिच्या हातात काय येणार. तेनिती माझ्या भिंतीला हात लावते काउतु, येता जाता. नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी जपलं ते कुठे तरी कामाला आलं, असं ती धरून आहे. ११ तारखेला तिला सगळ्यांसमोर उभी करून, आभार मानून, तिच्या हातात पेला द्यायचा, आणि आपण दोघांनी खाली मान घालून जेवायला बसायचं? हे मला जमणार नाही. तिला सांगितलं तर ती पेला फेकून देईल, किंवा पिईल, किंवा उद्यापासून माझ्या दारावरून जायचं सोडेल. ते तिने ठरवावं. नवऱ्याचं पाणी होतं, नातीचं आजारपण होतं, कळायचं कोणाला आधी?

तिने एवढ्या महिन्यांत माझ्याकडे काही मागितलं नाही. मी वाट बघते. डुक्कर माग, चटया माग, टाकी माग, मला नाही म्हणताच येणार नाही आणि मला हलकं वाटेल. ती मागत नाही. म्हणून आता मी मागते, आणि तुझ्याकडे मागते.

ही बुबुती आहे. बसून करतेय, त्याच दगड झालेल्या पोत्यावर. ब्वेब्वेला आणणाऱ्या जहाजातून तू ये. जहाजावर पोरीच्या आईला तूच सांग, इथे उतरण्याआधी. ११ तारखेला प्रार्थनेच्या आधी मनेआबात उभा राहा आणि तेनितीला सांग, लोखंड कधी गेलं आणि चिठ्ठी कुठे गेली. माझं मी तिच्या शेजारी उभी राहून सांगेन. तू मामांना नाही म्हणू शकला नाहीस. आता मला नाही म्हणून दाखव.

तू आला नाहीस तर मी एकटी दोघांचं सांगेन, आणि तुझं माझ्यापेक्षा वाईट सांगेन, मला चांगलं शब्दांत मांडता येत नाही.

हे पत्र शुक्रवारच्या विमानाने हातोहात धाडतेय. उत्तर पत्राने नको, पत्राला वेळ नाही. जहाज ७ तारखेला सुटतंय. शनिवारी, ४ डिसेंबरला, रेडिओवर निरोप दे, त्याच खिडकीवर जाऊन, रांगेत उभा राहून. ‘तोरेका, ओनोटोआ’ म्हण आणि पुढे येतोस की नाही ते म्हण. संध्याकाळी आम्ही तेनितीच्या घरी बसून ऐकणार आहोत, रेडिओ तिच्याकडे चांगला लागतो. शनिवारी. रविवारचा निरोप मी ऐकणार नाही.

तोरेका